ग्रीक गर्दी

ताईने नवऱ्याच्या खिशातून आधी पेन काढलं, मग चष्म्याची डबी, मग खोकल्याची एक गोळी, जिचा कागद नेमका शांत जागी चुरचुरला असता. स्वतःच्या बांगड्या तिने दारातच उतरवून पर्समध्ये टाकल्या होत्या. माईक कुणाची गय करत नाही. ते हात थोडे वर धरून उभे होते, झडती द्यायची सवय असलेल्या माणसासारखे, आणि तिच्या डोक्यावरून खोली न्याहाळत होते. भिंतींवरचा करडा फोम. मधोमध एकुलता एक माईक. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं टक्कल आणि त्याच्या शेजारी दिग्दर्शिका, वयाने त्यांच्या लेकीएवढी.

"भावजी आले," शिंपी म्हणाला, आणि बाकीचे उठले.

सगळे त्यांना भावजी म्हणत, कारण सगळे तिला ताई म्हणत. खरं तर या खोलीत ते तिच्या आधी आले होते, तिला त्यांनीच आणलं होतं. पण नाती कामाच्या ज्येष्ठतेने ठरत नाहीत. विमा विकणाऱ्याने, ज्याला सगळे नुसतं 'विमा' म्हणत, घसा कसा आहे म्हणून विचारलं. ग्रंथपालबाईंनी त्यालाच दटावलं, की बोलायला कशाला लावतोस. भावजींनी गळ्याला हात लावून मान हलवली.

ताईने श्वास सोडला.

कट.

घसा ठणठणीत होता.

घशाची थाप ताईने मारली होती आणि ती लगेच पचली. आवाजावर जगणाऱ्यांच्या जगात घसा बसला म्हणजे धावणाऱ्याचा गुडघा गेला. पुढचं कोणी विचारत नाही. दोघांनी वाफ घ्यायची यंत्रं पाठवली. शिंप्याने लोकरीचा मफलर शिवून धाडला, ऐन उन्हाळ्यात.

गेले होते ते शब्द. एका सकाळी चहा पिता पिता भावजींनी काहीतरी मागितलं, आणि तोंडातून जे आलं ते कुठलीच वस्तू नव्हतं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र उजेडासमोर धरून समजावलं: बोलण्याची चाल एकीकडे राहते, शब्द दुसरीकडे, दुसरीकडची वस्ती उठली आहे. चाल शाबूत आहे. आणि त्यांना स्वतःला ते बरोबरच ऐकू येतंय.

हेच अवघड होतं. भावजी पूर्ण वाक्य बोलत. मध्ये थांबत, आवाज खाली आणत, विनोदाच्या आधी घेतात तसा एक दम घेत, आणि मग हसण्याची वाट बघत. ताई म्हणे, "पाणी? पाणी हवंय का? पा-णी म्हणा." ते तिच्याकडे असे बघत, जसं आपण खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे बघतो, सगळी कागदपत्रं नीट असताना परत पाठवणाऱ्या.

मग दुकानातला तो दिवस. दुकानदार हसला. वाईट हेतूने नाही. त्याला वाटलं, भावजी नेहमीसारखी कसलीतरी नक्कल करताहेत. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायचा थांबला. भावजींनी पाहिलं ते त्याचं थांबणं. घरी आल्यावर ते कमी बोलू लागले. मग बोटाने दाखवू लागले. मग दाखवायचेही कंटाळले. घरात कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठा आवाज उरला नाही.

तेवढ्यात ग्रीक गर्दीचं काम आलं.

आवाज चालू.

एक मालिका होती. तिच्यातलं एक कुटुंब ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर जातं. मुख्य नट आपल्या भाषेत बोलणार, पण आजूबाजूचा बाजार ग्रीक हवा; आणि तिथे घेतलेल्या आवाजाखाली जनरेटर घरघरत होता. सगळ्या बाजाराचा आवाज इथे स्टुडिओत नव्याने करायचा होता. असं काही लागलं की ताईच्या गर्दीवाल्यांना बोलावणं जाई. एरवी हे लोक कपडे शिवत, विमे विकत, पुस्तकांवर शिक्के मारत. बोलावणं आलं की माईकभोवती गोल फिरत आणि स्टेशन होत, दवाखाना होत, लग्नघर होत. त्यांचा नियम एकच. गर्दीतून एक शब्द जरी सुटा ऐकू आला, तर गर्दी मोडते.

म्हणून ताईने विचार केला होता. जिथे कोणी काही समजून घ्यायचंच नाही, तिथे कोणाचा चेहरा पडणार?

दिग्दर्शिकेने आधी नमुना ऐकवला. दोन माणसं आणि एक बाई, कशाबद्दल तरी बोलत होती, कदाचित भाड्याबद्दल, कदाचित कोणाच्यातरी सुनेबद्दल. सगळे माना खाली घालून ऐकत होते.

शिंप्याला वाटलं, मोठी कात्री न उचलता कापडातून सरळ सरकवत नेली की असा आवाज येतो. विमा म्हणाला, अटी आणि नियम वाचून दाखवताहेत, पण आनंदाने. ग्रंथपालबाईंना ती भाषा सतत रस्ता सांगणारी वाटली: असं जा, मग तसं, तिथे विचारा, कोणीही सांगेल. दिग्दर्शिकेचं मत होतं की ही स्पॅनिशच आहे, फक्त शेजारच्या घरातून येणारी. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून बटण दाबून आपलं सांगितलं, कारण तो बघून ऐकणारा माणूस. सुई वर जातेय, खाली येतेय, सगळे उंचवटे सारखे. घोडा दगडी रस्त्यावरून चाललाय, पण नाल न ठोकलेला. आणि जिभेचं टोक जरा दातांत अडकलेलं. स म्हणता म्हणता मध्येच थ होतो आणि थ म्हणता म्हणता हवा.

ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, छान आहे. तिने नीट ऐकलंच नव्हतं. ती भावजींकडे बघत होती. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर हलत होतं.

बाजार. पहिला टेक.

पहिला टेक वाईट झाला. शिंप्याने दिसेल त्या वस्तूला शेवटी स लावला: टेबलास, सुईस, दोऱ्यास, भिंतीस. दिग्दर्शिका म्हणाली, हा बाजारात आलेला माणूस नाही, हा अर्जातला माणूस आहे, साहेबांस विनंती करतोय. विमाने इटालियन केलं, तेही बरंचसं हातांनी, आणि त्याच्या बाहीची सळसळ तेवढी रेकॉर्ड झाली. ग्रंथपालबाईंचे उच्चार सुरेख होते, पण जन्मभराच्या सवयीने त्या कुजबुजल्या. भावजी सगळ्यांबरोबर गोल फिरले. तोंड उघडलं नाही.

दुसरा टेक.

दुसऱ्या टेकला, फेरी अर्धी झालेली असताना, ते बोलले.

आधी हलकेच, समोरच्याला हाक मारावी तसं. मग वळून, जरा वर चढवून, मग एकदम खाली आणून लांबवत. आजारापासून त्यांची जीभ दातांत रेंगाळायची. घरी त्या प्रत्येक स-ला ताई त्यांना थांबवून शब्द पुन्हा म्हणायला लावायची. इथे तो स जाऊन बरोबर जागेवर बसला. भाव केल्यासारखं झालं, भाव पटला नाही असं झालं, चार पावलं पुढे जाऊन परत येणं झालं, आणि शेवटी नाकातून एक छोटं हसू.

गर्दी थांबत नाही. थांबली तर टेक वाया जातो. म्हणून कोणी थांबलं नाही. पण एकेकाचे कान तिकडे वळले. शिंप्याचा स विरघळला. विमाचे हात खाली आले. पुढच्या फेरीत सगळे भावजींच्या चालीला लागले होते, कोणीतरी खालचा सूर धरून ठेवावा आणि बाकीच्यांनी त्यावर पाय टाकून चालावं तसे.

कट म्हणून झालं, तशी गर्दी भावजींभोवती गोळा झाली.

"भावजी, घसा बसला म्हणून घरी बसून हा रियाज चालला होता होय?" शिंपी म्हणाला.

विमाने ताईला धरलं, की एवढा माल तुम्ही लपवून ठेवलात. ताई म्हणाली, मला कुठे काय सांगतात ते. हे तर कुठलीही बायको म्हणते. कोणी पुढे विचारलं नाही. ग्रंथपालबाईंनी मात्र खरोखरच जाणून घ्यायच्या इराद्याने विचारलं, की तुम्ही तो मधला आवाज कुठून काढता, घ आणि य यांच्या मधला. भावजींनी त्यांना सविस्तर समजावलं. बाईंनी सविस्तर मान डोलावली.

(चहा. हे रेकॉर्ड झालेलं नाही.)

चहाच्या वेळी भावजींनी एक लांबलचक किस्सा सांगितला. त्यात तीन तरी माणसं होती, कारण आवाज तीन होते. एक बायकी होता, एक फार मोठ्या अधिकाऱ्याचा असावा. सगळे पेले हातात धरून ऐकत होते. त्यांना वाटत होतं, बुवा भूमिकेतून बाहेर यायलाच तयार नाही. भावजी विनोदाच्या अलीकडे थांबले, दम घेतला, आणि पुढचं सांगितलं. सगळे हसले. शिंपी इतका की त्याचा चहा सांडला, आणि मग त्याने ग्रीकमधून उत्तर दिलं, तिकडच्या बाजारातल्या शिंप्याने दिलं असतं तसं. भावजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ताई भिंतीला टेकून उभी होती. चहावर साय धरली तरी तिने पेला ओठाला लावला नव्हता. इतक्या दिवसांत भावजी असे खुललेले दिसले नव्हते. त्यांना वाटत होतं, कळतंय यांना. आणि यातल्या एकाने जरी आता प्रेमाने म्हटलं, भावजी, पुरे, बोला आता नीट, तर.

ती सगळ्यांना कामाला लागा म्हणाली.

पायरीवरचा माणूस. टेक नाही.

अडचण दिग्दर्शिकेच्या कौतुकातूनच आली. चित्रात एका जागी पायरीवर बसलेला एक म्हातारा होता. कुटुंब त्याच्यासमोरून पुढे जातं, पण कॅमेरा उगीचच क्षणभर त्याच्यावर रेंगाळतो, आणि तो जवळून जाणाऱ्या बायकोला काहीतरी म्हणतो. भावजींनी दुसऱ्या टेकच्या शेवटी जे म्हटलं ते त्या ओठांवर हुबेहूब बसत होतं. तेच हवंय, ती म्हणाली. फक्त एकट्याच्या आवाजात. अगदी तेच.

ताईला माहीत होतं की तेच येणार नाही. त्यांच्याकडे तेच असं काही उरलंच नव्हतं. प्रत्येक वाक्य पहिलं आणि शेवटचं.

ती काही बोलायच्या आत दार उघडलं आणि भाषा तपासायला बोलावलेली बाई आली. ती शहरात दातांचा दवाखाना चालवायची. जन्माने ग्रीक, लग्नाने इथली. आपल्याकडची भाषा अस्खलित बोलायची, फक्त ळ आला की आधी एक क्षण जीभ शोधायची. बसता बसता तिने सांगितलं, की आई फोनवर हिला नवऱ्याशी बोलताना ऐकते आणि विचारते, तोंडात गरम बटाटा धरून का बोलतेस. मग तिने हेडफोन लावले. रेकॉर्डिस्टने दुसरा टेक लावला. ती हसली, कपाळाला आठी घातली, परत हसली. शेवटाला आल्यावर तिने हात वर केला आणि ते पुन्हा लावायला सांगितलं.

हेडफोन काढून ती काचेच्या अलीकडे, गर्दीवाल्यांत आली.

"बाकीचे सगळे मला सांगताहेत, की आम्ही ग्रीक आहोत, आम्ही ग्रीक आहोत. छान सांगताहेत. पण हे एकटे दुसरंच काहीतरी सांगताहेत."

"ग्रीकमध्ये?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"नाही. एक शब्द ग्रीक नाही." ती भावजींकडे वळली. "काय म्हणालात तुम्ही?"

भावजींनी तिला सांगितलं.

ते सांगत होते तोवर ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दिवसभर तोंडंच बघणारी बाई. जीभ कुठे अडते, ओठाचा कुठला कोपरा मागे राहतो, ते तिने पाहिलं. तिच्या कपाळावरची आठी गेली. शिंप्यानेही पाहिलं, आणि पाहता पाहता त्याचं हसू तोंडावर अर्धवट राहिलं. विमा खाली बघू लागला. भावजी बोलायचे थांबले. ते एकेका चेहऱ्याकडे बघू लागले, हळूहळू, त्या दिवशी दुकानात बघितलं होतं तसं.

दातांची डॉक्टर ताईकडे वळली. तिने हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं:

"काय म्हणताहेत ते?"

ताईने रेकॉर्डिस्टला सांगितलं, पुन्हा लाव. इथे, खोलीत, मोठ्याने.

तिने डोळे मिटले. सकाळचा नमुना ज्यांनी नीट ऐकला होता त्यांनी जसा ऐकला तसं ती ऐकू लागली. पाणी शोधलं नाही, गोळी शोधली नाही, कुठल्याही वस्तूचं नाव शोधलं नाही. हाक. मग वळणं. मग वर, मग एकदम खाली आणि लांब. मग नाकातून ते हसू.

तिने डोळे उघडले.

"म्हणताहेत, तू हो पुढे, मी कुलूप ओढून बघतो." तिने रेकॉर्डिस्टला खूण करून टेक थांबवला. "रोज म्हणतात. घराबाहेर पडलो की जिन्यात, दरवेळी. मी चार पायऱ्या उतरायची आणि हे परत वर. कुलूप लागलेलंच असतं."

भावजी तिच्याकडे बघत होते. खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे बघतात तसं नाही. मग ते काहीतरी म्हणाले, छोटंसं, तुटक.

"आणि आता?" डॉक्टरने विचारलं.

ताईने क्षणभर विचार केला, की केला नाही, ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं.

"म्हणताहेत, एकदा लागलं नव्हतं."

आधी हसले ते भावजीच. मांडीवर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग शिंपी हसला, यावेळी पूर्ण. ते सगळे आवाजाची माणसं होती. चेहऱ्याने काही लपवायचं काम त्यांना कधी पडलं नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांना ते जमलं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, मग चोरी झाली का हो, आणि उत्तरासाठी भावजींकडे बघितलं, ताईकडे नाही.

डॉक्टरने पर्स खांद्याला लावली. दिग्दर्शिकेला म्हणाली, पायरीवरच्या माणसाचं हेच ठेवा. आमच्याकडेही असे म्हातारे आहेत. त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या बायकांना कळतं, आणि त्याही कधीकधी ठोकून देतात.

पायरीवरचा माणूस. टेक.

ताईने आधीच सांगितलं, की तेच परत येणार नाही. दुसरं येईल. दिग्दर्शिकेने पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, काचेपलीकडच्या भावजींकडे पाहिलं आणि म्हणाली, चालेल. ओठ मी बघून घेते.

माईक एक, त्याच्यापुढे भावजी आणि ताई, दोघं. बाकीचे भिंतीला लागून श्वास धरून उभे. लाल दिवा लागला.

भावजी बोलले. आणि मग थांबले. ही जुन्या कलाकाराची सवय होती: समोरच्याला त्याची जागा सोडायची. घरातही ते अशी जागा सोडत आले होते, आजारानंतरही, आणि ताई प्रत्येक वेळी त्या जागेत एक शब्द कोंबत आली होती. पाणी? औषध? पंखा?

तिने तोंड उघडलं. काय म्हणायचंय ते तिला माहीत होतं: की चला आता, किती वेळ, सगळे खाली खोळंबलेत. त्यातला एकही शब्द आला नाही. नुसती चाल आली, जिन्यात चार पायऱ्या खाली उभ्या असलेल्या बाईची, आणि तिच्यावर कुठून कुठून स आणि थ येऊन बसत गेले.

भावजींच्या भुवया वर गेल्या. त्यांनी उत्तर दिलं. तिने मध्येच तोडलं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

पडद्यावरचा म्हातारा केव्हाच निघून गेला होता. बेटावरचं कुटुंब बोटीत बसलं होतं. रेकॉर्डिस्टचा अंगठा थांबवायच्या बटणावर होता. तो तिथेच राहिला.

संध्याकाळी बसथांब्यावर बाकावर जागा मिळाली. भावजी दिवसभराचं सगळं सांगत होते, शिंप्याची नक्कल करून दाखवत होते. ती मध्ये मध्ये उत्तर देत होती, कधी शब्दांनी, कधी नाही. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"कुठली हो ही भाषा? ऐकायला गोड वाटते." ताई उत्तर जुळवतेय तेवढ्यात तिने पुढचं विचारलं. "तुम्हाला येते वाटतं?"

"आत्ता कुठे यायला लागलीय."

त्यावर भावजी काहीतरी म्हणाले. दोन-तीन अक्षरं, शेवटी वर गेलेली.

"अहो, येते थोडी," ताई म्हणाली.